जुनी हायब्रिड घेणाऱ्या भाच्यास

चि. सोनूस,



रोचेस्टरमध्ये तू २००७ ची टोयोटा हायलँडर हायब्रिड पाहून आलास, असं ताईने कळवलं. १,६०,००० मैल झालेली आहे आणि मालक चार हजार डॉलर मागतो आहे. गाडी मुळात चांगल्या घराण्यातली आहे, तेव्हा घेऊच नकोस असं मी म्हणणार नाही. पण ताईला तू जे कारण सांगितलंस, की पेट्रोल खूप वाचेल, ते मात्र मला पटलेलं नाही.

आपण हिशोबच करू. चारही चाकांना जोर मिळणारी ही हायब्रिड गॅलनला साधारण २६ मैल देते, आणि त्याच वर्षातली साधी व्ही-६ हायलँडर १९ च्या आसपास. तुझं विद्यापीठ, खोली आणि आठवड्याचा बाजार धरून वर्षाला ५,००० मैल होतील. त्यात ७० गॅलनचा फरक पडतो. साडेतीन डॉलर भाव धरला तरी वर्षाला अडीचशे डॉलर वाचले. या गाडीची मोठी बॅटरी गेली आणि नवी बसवायची वेळ आली, तर मजुरीसकट बिल गाडीच्या किमतीलाही मागे टाकू शकतं. अडीचशेच्या बचतीतून ते कधी भरून निघणार? वर्षाला वीस-पंचवीस हजार मैल चालवणाऱ्याचं गणित वेगळं असतं, तुझं तसं नाही. म्हणून ही गाडी घ्यायचीच असेल तर बर्फासाठी घे, सामानासाठी घे, पेट्रोलसाठी घेऊ नकोस. आणि किमतीइतकीच रक्कम बाजूला ठेवता येत असेल तरच घे. मन्रो काउंटीत, म्हणजे तुमच्या रोचेस्टरमध्ये, खरेदीवर आठ टक्के विक्रीकर आहे, म्हणजे चार हजारांवर तीनशे वीस डॉलर पहिल्याच दिवशी जातील. नोंदणी आणि इन्शुरन्स आणखी वेगळे.

आता बॅटरी. सगळे तिलाच घाबरतात, पण ती काय आहे हे समजून घेतलंस तर भीती कमी होईल आणि सावधपणा वाढेल. निकेल-मेटल हायड्राइडचे २४० सेल, आठ-आठांचे तीस संच, मिळून २८८ व्होल्ट. हे सगळं मधल्या सीटखाली बसवलेलं आहे. बॅटरी थंड ठेवणारे पंखे गाडीतलीच हवा ओढतात, आणि ती हवा सीटखालच्या जाळ्यांतून जाते. मागच्या मालकाकडे कुत्रा असेल, किंवा मुलांनी तिथे खाऊ सांडला असेल, तर जाळ्या आणि पंखे केसांनी, धुळीने चोंदलेले असतात. मग बॅटरी तापते, आणि तापलेली बॅटरी वयाआधी थकते. म्हणून बघायला जाशील तेव्हा टॉर्च घेऊन खाली वाक आणि त्या जाळ्या पाहा. मालकाने गाडी कशी सांभाळली, हे बोनेटपेक्षा तिथे जास्त खरं कळतं.

थकलेल्या बॅटरीत बहुधा आधी एखादाच संच दगा देतो. तेवढाच बदलून देतो म्हणणारे स्वस्त दुकानदार भेटतील. त्यांच्या नादी लागू नकोस. जुन्या संचांत एक ताजा बसवला की ताण बाकीच्या दुबळ्यांवर जातो आणि थोड्या महिन्यांत दुसरा पडतो. नुसती उभी राहिलेली गाडीही धोक्याची. ‘आजोबांची होती, वर्षभर अंगणातच होती’ हे ऐकायला गोड वाटतं, पण महिनोन्‌महिने न वापरलेली अशी बॅटरी आपोआप उतरते आणि तिची ताकद घटते.

इन्व्हर्टरकडे लोक दुर्लक्ष करतात आणि तेच मला खटकतं. २००६-०७ च्या हायलँडर हायब्रिड आणि तिची जुळी बहीण लेक्सस आरएक्स ४००एच या गाड्या टोयोटाने २०११ मध्ये परत बोलावल्या होत्या, इन्व्हर्टरमधल्या काही ट्रान्झिस्टरांचं सोल्डरिंग कच्चं होतं म्हणून. २०१३ मध्ये इन्व्हर्टरसाठीच पुन्हा बोलावलं. गाडीचा सतरा अक्षरी व्हीआयएन नंबर अमेरिकन वाहतूक सुरक्षा खात्याच्या संकेतस्थळावर टाक. काही काम बाकी असेल तर लगेच दिसतं. बाकी असेल तर ते मालकाला करून घ्यायला लाव, मग भावाचं बोल. शिवाय इन्व्हर्टरला स्वतःचं वेगळं कूलंट आणि स्वतःचा छोटा विजेचा पंप असतो. पंप गेला तर इन्व्हर्टर तापतो. पंप स्वस्त आहे, इन्व्हर्टर नाही.

ब्रेकची मला बॅटरीपेक्षा जास्त काळजी आहे. हायब्रिड वेग कमी करताना मोटरच्या मदतीने वीज परत साठवते, त्यामुळे ब्रेकपॅड वर्षानुवर्षं टिकतात, आणि विकणारा हे अभिमानाने सांगेलही. पण तुमच्याकडच्या रस्त्यांवर हिवाळाभर मीठ पडतं. कमी वापरले जाणारे कॅलिपर त्या मिठात गंजून जाम होतात. त्यात या गाडीचा ब्रेक दाब तयार करायला विजेच्या पंपावर आणि ॲक्च्युएटरवर अवलंबून आहे. ब्रेक दाबल्यावर पंप थोडा वेळ घुरघुरतो, ते ठीक. पण गाडी उभी असताना, ब्रेकला हात-पाय न लावता तो वारंवार सुरू होत असेल, तर दाब आतल्या आत गळतो आहे. ॲक्च्युएटर बदलणं हे खर्चिक काम, आणि त्यातली हवा काढायला योग्य स्कॅनर लागतो; कोपऱ्यावरच्या कुठल्याही गॅरेजला ते जमत नाही.

टायमिंग बेल्ट ९०,००० मैलांना बदलायचा असतो. १,६०,००० वर एकदा बदललेला असलाच पाहिजे, आणि १,८०,००० ला पुन्हा येतो. पावती मागच. वॉटर पंपही त्याच वेळी बदललेला बरा, कारण तो त्याच बेल्टवर चालतो. एसी लावून पाहिल्याशिवाय गाडी घेऊ नकोस: त्याचा कॉम्प्रेसर उच्च दाबाच्या विजेवर चालतो, त्यात भलतंच तेल भरलं तर वीज गळू लागते.

गंजाबद्दल सौदा नाही. गाडी लिफ्टवर चढव आणि ब्रेकच्या नळ्या, सबफ्रेम, मागच्या चाकांच्या कमानी खालून बघ. बॅटरी बदलता येते, सांगाडा नाही. सबफ्रेम पापुद्र्यासारखी सुटत असेल तर बाकी सगळं छान असलं तरी तिथून निघून ये.

तपासणी मालकाच्या ओळखीच्या नव्हे, हायब्रिड दुरुस्त करणाऱ्या स्वतंत्र गॅरेजमध्ये कर. पैसे तुझेच जाऊ देत. गाडी रात्रभर उभी राहून थंड असताना सुरू कर आणि त्यांना फक्त इंजिनचेच नाही, हायब्रिड यंत्रणेचेही कोड वाचायला सांग. पी०ए८० दिसला तर बॅटरी संपत आली. सगळे कोड कोरे असतील पण चाचण्या ‘अपूर्ण’ दाखवत असतील, तर कोणीतरी नुकतेच पुसलेले असू शकतात. चढावर नेऊन बॅटरीच्या संचांमधला व्होल्टचा फरक वाढतो का, तेही पाहायला सांग. गाडीला एक सवलत दे: बारा व्होल्टची छोटी बॅटरी दुबळी असली तरी डॅशबोर्डवर दिव्यांची दिवाळी लागते. ती बदलून पुन्हा बघ, मगच दोष दे. जंप देताना प्लस-मायनस उलट झालं तर महागातलं नुकसान होतं, हे तुझ्या रूममेटलाही सांग. आणि केशरी वेष्टनाच्या जाड तारांना तुम्हा दोघांपैकी कोणीही हात लावायचा नाही.

मीठ बसलेली गाडी हिवाळ्यात दर पंधरवड्याला खालून धुवून घ्यायची तयारी ठेव. तपासणीचा कागद आला की फोटो मला पाठव. त्याआधी मालकाला बयाणा देऊ नकोस, दुसरं गिऱ्हाईक दारात उभं आहे असं तो म्हणाला तरी.

तुझी,
मावशी