आधी हात, मग प्रश्न

दिवाळीच्या अंकात ख्रिस्ताच्या चमत्काराची गोष्ट पाहून काही वाचक चष्मा सावरतील. फराळाच्या ताटाशी गालीलचा समुद्र कशाला, असेही कोणी म्हणेल. पण आम्ही रेवदंड्याच्या बाजूची माणसे. कुंडलिकेच्या खाडीपलीकडे कोर्लईचा डोंगर समुद्रात शिरलेला आम्हाला रोज दिसतो. त्याच्या माथ्यावर पोर्तुगिजांचा किल्ला आहे आणि पायथ्याच्या गावात माउंट कार्मेल मातेचे चर्च. १७४० साली हा मुलूख मराठ्यांकडे आला, सत्ताधारी निघून गेले. त्यांच्या धर्मात गेलेली गरीब माणसे मात्र जागच्या जागी राहिली. ती अजून घरात पोर्तुगीज वळणाची आपली बोली बोलतात, तिला 'नॉ लिंग', म्हणजे 'आमची भाषा', म्हणतात आणि बाजारात तुमच्याआमच्यासारखे मराठी बोलतात. तेव्हा ही गोष्ट आम्हाला परक्याची वाटत नाही. शिवाय तिच्यात होडी आहे, उलटा वारा आहे आणि एक कोळी आहे.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात ती येते. पाच हजारांच्या जमावाला जेवू घालून येशूने शिष्यांना होडीत बसवून पुढे धाडले आणि आपण प्रार्थनेसाठी डोंगरावर गेला. गालीलचा समुद्र म्हणजे वास्तविक गोड्या पाण्याचे सरोवर. लांबी सुमारे २१ किलोमीटर, रुंदी १३. ते समुद्रसपाटीच्या दोनशे मीटर खाली आहे आणि भोवती डोंगर, त्यामुळे वारा अचानक उतरतो. त्या रात्री तसेच झाले. पहाटेच्या सुमारास शिष्यांना पाण्यावरून कोणी चालत येताना दिसले आणि भूत समजून ते ओरडले. ओळख पटल्यावर पेत्र म्हणाला, तूच असशील तर मला बोलाव. बोलावणे आले. पेत्र उतरला, चार पावले चालला, वाऱ्याकडे पाहून घाबरला आणि बुडू लागला. येशूने हात देऊन त्याला धरले आणि विचारले, विश्वास इतका थोडा कसा, संशय का घेतलास?

ही गोष्ट मी एकदा वर्गात सांगितली, तेव्हा मागच्या बाकावरचा एक कोळ्याचा मुलगा उठून म्हणाला, "गुर्जी, तो कोली होता ना? मंग त्याला पवायला येत नव्हता काय?"

प्रश्न फार चांगला होता. पोहता येत होते. योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी हाच पेत्र अंगरखा कमरेशी आवळून समुद्रात उडी टाकतो आणि किनारा गाठतो. मग त्या रात्री तो का बुडू लागला? मला वाटते, तो कोळी होता म्हणूनच. माझ्यासारखा मास्तर वाऱ्याला कदाचित इतका भ्यालाही नसता. वारा कोठून आला, तो किती वाढेल, अशा वाऱ्यात कोणाची होडी परतली नाही, हे पेत्राला जन्मापासून ठाऊक. त्याचा संशय अडाण्याचा नव्हता, जाणत्याचा होता. पुष्कळ श्रद्धावान मंडळी ही गोष्ट विसरतात. आणखी एक विसरतात: होडीतले बाकीचे कोणी बुडू लागले नाहीत, कारण ते होडीतच बसून होते.

ग्रीक मला येत नाही. ते शिकलेल्या एका फादरांनी मला सांगितले की मत्तयाने येथे संशयासाठी वापरलेल्या शब्दाच्या मुळाशी 'दोन' हा अर्थ आहे. म्हणजे आपला 'द्विधा'. हा शब्द मत्तयात दोनदाच येतो. दुसऱ्यांदा अगदी शेवटी, पुनरुत्थित ख्रिस्त समोर उभा असताना त्याला नमन करणाऱ्यांपैकी काहींबद्दल. नमनही चालले आहे आणि मन दुभंगलेलेही आहे! त्यांना कोणी तेथून हाकलून दिले नाही. आपल्याकडे गीतेने संशयी माणसाला कठोर इशारा दिला आहे खरा. पण अर्जुन द्विधा झाला नसता तर गीता सांगावी लागली असती काय?

मराठीत तर याचे धडधडीत उदाहरण आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई त्यांच्यामागे धावल्या नाहीत. त्या दूर राहिल्या, रडल्या, पुढे नवऱ्याच्या घरी येऊनही आपले सोवळे सांभाळीत राहिल्या. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या मनाने. मधल्या पाच वर्षांत टिळकांनी त्यांना ख्रिस्ती होण्याची सक्ती केली असती, तर मराठीला 'स्मृतिचित्रे' मिळाली असती असे मला वाटत नाही.

कादंबऱ्या लिहिणाऱ्याला घटनांचा क्रम पाहण्याची खोड असते. या गोष्टीत हात आधी आला, प्रश्न मागून. मत्तयाने 'तत्काळ' हा शब्द हाताला लावला आहे, प्रश्नाला नाही. आणि विचारणारा त्याच लाटेवर उभा होता.

आपण काय करतो? काही वर्षांपूर्वी मासेमारीची बंदी उठल्यावर दर्यात गेलेला आमच्याकडचा एक तरणा मुलगा परत आला नाही. त्याची आई तीन दिवस वाळूत बसून होती. चौथ्या दिवशी एक सद्गृहस्थ तिला म्हणाले, भाव पुरा असता तर पोर परत आले असते. त्यांचा धर्म मी सांगत नाही. असे बोलणारे सर्व धर्मांत आहेत. त्यांच्या पायांत कोरड्या वहाणा होत्या. बाई उठून घरी गेली.

तिच्या मुलाला हात का मिळाला नाही? या प्रश्नापुढे माझी मती चालत नाही, आणि ज्याची भराभर चालते त्याची मला भीती वाटते. इतके मात्र दिसते की चमत्कार म्हणजे विम्याचा कागद नव्हे. खुद्द पेत्राला पुढे रोममध्ये क्रूसावर चढवले, अशी ख्रिस्ती परंपरा आहे. तेथे त्याला सोडवायला कोणाचा हात आला नाही. आणि त्या वेळी त्याने संशय घेतल्याचेही कोणी सांगत नाही.

समुद्रात उडी टाकली ती सकाळ मात्र याच्या आधीची. रात्रभर जाळे रिकामे आणि उजाडता मासे १५३, असे योहान लिहितो. एवढ्या गडबडीत मोजायला कोण बसले, असे विद्वान विचारतात. आमच्या बंदरावर कोणी विचारणार नाही. पेत्र भिजून किनाऱ्यावर आला तेव्हा निखाऱ्यांवर मासळी होती, भाकर होती. सगळे जेवले. जेवणे झाल्यावर पेत्राला एकच प्रश्न तीनदा विचारला गेला. माझ्यावर प्रेम करतोस का? त्या वादळी रात्रीबद्दल कोणी काही विचारले नाही.