निर्जंतुक पाण्यातली कावीळ

नदीप्रदूषणाची चर्चा बहुधा मेलेले मासे, फेस आणि जलपर्णी यांभोवती फिरते. परंतु नदीचे पाणी माणसाला सर्वाधिक अपाय करते ते शुद्ध म्हणून नळाला आल्यावर, हे दिल्लीने १९५५च्या हिवाळ्यात अनुभवले. वजिराबाद येथे यमुनेचे पाणी उचलणारे केंद्र आहे आणि त्याच्या किंचित खालच्या अंगाला नजफगढ नाला नदीला मिळतो. नाला खाली असल्याने त्यातील मैलापाणी वर येणार नाही, असे तेव्हा गृहीत धरले होते. त्या वर्षीच्या महापुरानंतर प्रवाहाने जागा बदलली आणि नोव्हेंबरमध्ये नाल्याचे पाणी उलटे चढून उपशाच्या ठिकाणापर्यंत आले. कर्मचारी गाफील नव्हते. त्यांनी तुरटी आणि क्लोरीन यांची मात्रा वाढवली. तरीही पुढच्या दोन महिन्यांत सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली.

त्याहून लक्षणीय गोष्ट अशी, की विषमज्वर आणि आमांश यांचे रुग्ण मात्र या काळात फारसे वाढले नाहीत. क्लोरीनने जिवाणू मारले, विषाणू तगले. मैलापाण्यात अमोनिया असतो; त्याच्याशी संयोग होऊन क्लोरीनचे क्लोरामाइन बनते, ज्याची विषाणूंना मारण्याची शक्ती बरीच कमी असते, आणि गढूळपणाचे सूक्ष्म कण विषाणूंना आडोसाही देतात. थोडक्यात, पाणी जितके घाण तितका त्यावरचा उपाय लंगडा. जपून ठेवलेल्या रक्तनमुन्यांच्या तपासणीतून सुमारे पाव शतकानंतर स्पष्ट झाले, की हा हेपॅटायटिस ए नव्हता. पुढे या आजाराला हेपॅटायटिस ई हे नाव मिळाले. एरवी बहुतेक रुग्ण बरे होणाऱ्या या आजारात गर्भवतींचे मृत्यू कितीतरी अधिक होतात, आणि दिल्लीतही तसेच झाले.

नदीचे आरोग्य ज्या मापांनी मोजले जाते, त्यांत हा धोका दिसेलच असे नाही. बीओडी, म्हणजे पाण्यातील सेंद्रिय घाण कुजवताना सूक्ष्मजीव जेवढा प्राणवायू वापरतात त्याचे प्रमाण, स्नानयोग्य पाण्यात लिटरमागे ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे, असा निकष आहे. कोलिफॉर्म हे विष्ठेचा संसर्ग दाखवणारे जिवाणू. क्लोरीनने ते सहज मरतात, म्हणून नळाच्या पाण्यात ते सापडले नाहीत एवढ्यावरून विषाणूही नाहीत, असे म्हणता येत नाही. प्रयोगशाळेचा ‘पिण्यायोग्य’ हा शेरा खोटा नसतो. तो अपुरा असतो.

महाराष्ट्राला हे परके नाही. पंचगंगेकाठच्या इचलकरंजीत २०१२च्या उन्हाळ्यात काविळीची मोठी साथ आली, हजारो लोक आजारी पडले आणि काही दगावले. आपल्याकडे उन्हाळ्यात अनेक नद्यांना मूळचा प्रवाह जवळपास उरत नाही, बंधाऱ्यांमागे पाणी थबकते, आणि वरच्या गावाच्या नाल्यात मिसळायला पुरेसे ताजे पाणीच नसते. जलप्रदूषण प्रतिबंधाचा कायदा १९७४पासून आहे, पण शहरे बव्हंशी नळयोजना आधी आणि मैलाशुद्धीकरण मागाहून बांधतात, कारण पहिल्याचा लाभ त्याच शहराच्या मतदारांना मिळतो, तर दुसऱ्याचा लाभ खालच्या गावाला. मग खालच्या गावाची नगरपालिका टीसीएलची, म्हणजे ब्लीचिंग पावडरची, पोती वाढवते आणि तो खर्च आपल्याच पाणीपट्टीतून भागवते. जॅकवेलपाशी, म्हणजे नदीचे पाणी उचलणाऱ्या विहिरीपाशी, अमोनिया आणि गढूळपणा यांची रोजची नोंद घेऊन ती लोकांसमोर मांडणे फार खर्चिक नाही. शिवाय त्या आकड्यांवरून वरच्या गावाकडे बोट दाखवता येते, आणि बहुधा म्हणूनच तशी मागणी क्वचित होते.