डोळ्यांत बघून सांग

माझ्या धाकट्या भावाने मला चौदा महिने खोटं सांगितलं आणि मला ते कळलं नाही. हे आधीच सांगून टाकते. खोटं बोलणारा माणूस कसा ओळखावा, यावर बोलायचा मला काही खास अधिकार आहे, असा गैरसमज नको.

तो पुण्यात एमपीएससीची तयारी करत होता. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर जागा, शेजारच्या गल्लीत अभ्यासिका. मी ठाण्यात नोकरीला, महिन्याला आठ हजार पाठवायचे. 'पूर्व निघाली' असं त्याने सांगितलं तेव्हा बार्शीत अण्णांनी गल्लीभर पेढे वाटले. मग 'मुख्य परीक्षा बरी गेली', मग 'निकाल लांबलाय'. दर रविवारी व्हिडिओ कॉल व्हायचा. कॅमेऱ्यात सरळ बघून बोलायचा पठ्ठ्या. प्रत्यक्षात पूर्वच निघाली नव्हती. अभ्यासिका सोडून तो एका गोदामात रात्रपाळीत पार्सलं लावत होता. मध्येच एकदा म्हणाला, "ताई, पाच हजारच पाठव, मेस स्वस्तातली मिळालीय." मला त्याचं केवढं कौतुक वाटलं होतं. सगळ्या प्रकरणातला एकमेव पुरावा तेवढाच होता, आणि तो चेहऱ्यावर नव्हता, माझ्या बँकेच्या स्टेटमेंटमध्ये होता.

याच्या उलटही एकदा झालंय. आमच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकाला एक मावशी यायच्या. माझ्या ड्रॉवरमधले तीन हजार गेले. मी त्यांना समोर उभं करून विचारलं. त्यांनी मान खाली घातली, पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, आधी म्हणाल्या मी त्या खोलीत गेलेच नाही, मग म्हणाल्या झाडायला गेले होते. मी म्हटलं, "माझ्या डोळ्यांत बघून सांगा." त्यांना ते जमलं नाही. माझ्यापुरता निकाल लागला. दुसऱ्या दिवसापासून त्या आल्या नाहीत. अकरा दिवसांनी पैसे माझ्याच जुन्या पर्सच्या कप्प्यात सापडले.

म्हणजे दोनदा परीक्षा, दोनदा नापास. नंतर वाचताना कळलं की या वर्गात मी एकटी नाही. चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये दोनशेहून अधिक अभ्यास एकत्र करून पाहिले. खरं-खोटं ओळखण्यात माणसं सरासरी 54 टक्के वेळा बरोबर ठरली. नाणं उडवलं तरी 50 येतात! पोलिसांसारखे ज्यांचं कामच हे, तेही फार पुढे नव्हते. आणि तरीही पन्नासहून अधिक देशांतल्या लोकांना विचारलं, तेव्हा सगळ्यात जास्त मिळालेलं उत्तर एकच होतं: खोटारडा नजर चुकवतो. आपल्याकडे तर मोठ्यांसमोर मान खाली घालायलाच शिकवतात. मावशी माझ्याहून वयाने मोठ्या होत्या, पण त्या खोलीत मोठं कोण होतं, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

यंत्रांचंही तेच. पॉलिग्राफ नाडी, श्वास, रक्तदाब, घाम मोजतो. म्हणजे मोजतो घालमेल. ती चोराला होते आणि ज्याच्यावर आळ आलाय त्यालाही होते. सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात स्पष्ट सांगितलं, की नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग या चाचण्या कुणावरही त्याच्या संमतीशिवाय करता येणार नाहीत. मी मात्र माझ्या स्वयंपाकघरात एक चाचणी उरकून मोकळी झाले होते.

मग खोटं उघडकीला येतं कसं? बहुतेकदा नंतर, आणि बाहेरून. कुणीतरी सांगतं, एखादी पावती सापडते, नाहीतर माणूस स्वतःच कबूल होतो. भावाच्या बाबतीत त्याच्या रूममेटच्या आईने आमच्या आईला लग्नात सहज विचारलं, "तुमचा मुलगा गोदामात अजून आहे का?"

इथे मला द्रोण आठवतात. अश्वत्थामा मेला, ही बातमी त्यांनी युधिष्ठिराला विचारून पक्की केली, कारण तो खोटं बोलणार नाही. लहानपणी मला राग युधिष्ठिराचा यायचा, आता द्रोणांचं नवल वाटतं. मुलगा त्याच रणांगणावर होता. माणूस विश्वासाचा आहे म्हटल्यावर त्यांनी बघायला जाणं सोडून दिलं.

मीही सोडलंच होतं. एमपीएससीचा निकाल पीडीएफमध्ये सगळ्यांसाठी लागतो. बैठक क्रमांक मागून दोन मिनिटांत बघता आलं असतं. 'घरच्या माणसाचं काय तपासायचं' असं मी म्हणायचे आणि त्याला विश्वास हे नाव द्यायचे. पण मावशींची उलटतपासणी घेताना मला क्षणभरही अवघडल्यासारखं झालं नव्हतं. भाऊ रुसला असता, म्हणून त्याला विचारलं नाही. मावशी रुसल्या असत्या तर माझं काय जाणार होतं? संशय कुणावर घ्यायचा, हे मी पुरावा बघून ठरवत नव्हते, कोण उलटून बोलू शकतं ते बघून ठरवत होते. ही गोष्ट मला भावाच्या खोटेपणापेक्षा जास्त टोचते.

भावाशी भांडण झालंच. मी विचारलं, "एकदा तरी खरं सांगावंसं वाटलं नाही तुला?" तो म्हणाला, "तू कधी 'काय झालं' असं विचारलंच नाहीस, ताई. तू विचारायचीस, 'निघाली ना?'" हे कारण म्हणून मला पटत नाही. अण्णांच्या पेढ्यांचं काय, तेही त्याने सांगावं. पण तेव्हापासून माझी वाक्यं 'ना' वर संपायला लागली, की मी जरा थांबते.

मावशींचा नंबर शोधायला मला दोन वर्षं लागली. म्हणजे शोधायला दोन दिवस, बाकीचा वेळ धीर गोळा करायला. पैसे सापडल्याचं सांगितलं, माफी मागितली. पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग त्या म्हणाल्या, "बरं झालं सापडले. मी तर विसरूनच गेले होते बघा."

त्यांच्या आवाजावरून मला काहीच कळलं नाही.