वायुपुत्राच्या दारी वातरोगी

२०२३ साली नव्या पांढुर्णा जिल्ह्यात गेलेल्या सौंसर तहसिलीतील जामसावळीचा मारुती पहुडलेला आहे. द्रोणागिरी उचलणाऱ्या देवाला निजलेला पाहून सवय नसलेला मनुष्य क्षणभर अवघडतो, परंतु कंबरेपासून पोटरीपर्यंत कळ उतरत असल्यामुळे ज्याला उभे राहणेच दुर्घट झाले आहे, त्याला हा देव आपल्याच पंक्तीचा वाटत असावा. त्या कळेस आयुर्वेदाने गृध्रसी म्हटले व वाताच्या ८० विकारांत तिची गणना केली. म्हणजे हा रोगी वायूची तक्रार घेऊन वायुपुत्राच्याच दरबारी रुजू होतो!

मग घरी परतून तो कोमट तिळेलाने मुलाकडून कंबर चोळून घेतो, तेव्हा त्याची श्रद्धा उणी ठरते काय? मला तसे वाटत नाही. स्पर्शेंद्रियात वायूचे आधिक्य आणि त्वचा हे त्याचे अधिष्ठान, म्हणून अभ्यंग हितकर, अशी चरकाची उपपत्ती आहे. आजचा डॉक्टर एवढेच म्हणेल की, मर्दनाने आखडलेले स्नायू सैलावतात, वेदना काही काळ मंदावते. पण मणक्यातील सरकलेली चकती त्याने जागेवर येत नाही, आणि पायातील बळ वा मलमूत्रावरील ताबा गेल्यास तेल बाजूस ठेवून तत्काळ इस्पितळ गाठावे. ही कबुली मला नास्तिकपणाची वाटत नाही.

ओंजळीतले तीर्थ काय, पाठीवरचे तेल काय, दोन्ही दुसऱ्याच्या हातून यावी लागतात. मुलगा चोळता चोळता संत्र्यांच्या भावाचे बोलत असतो, आणि बापाचा हुंकार हळूहळू लांबत जातो.