गंगावतरणासमोर थोडा वेळ

इंदूरच्या रामबागेत किंवा लोकमान्य नगरात एखाद्या जुन्या मराठी घरी राजा रविवर्म्याचे ‘गंगावतरण’ अजून भिंतीवर असेल, तर त्याच्यासमोर जरा बसा. हात जोडावेसे वाटले तर जोडा, पण डोळे उघडे राहू द्या.

नजर आधी शंकराकडेच जाईल. जाऊ द्या. पाय रोवून, जटा मोकळ्या सोडून, मान वर करून तो उभा आहे. आता त्याच्याच नजरेबरोबर वर चला. आभाळातून गंगा उतरते आहे आणि तिच्या वेगाचा भार अजून कुणावर पडलेला नाही. पाणी निघाले आहे, पोहोचायचे आहे. या मधल्या क्षणात थांबा. श्वास मुद्दाम लांबवू नका, तो आपसूक संथ होईल.

मग देवांवरची नजर हळूच काढून मागच्या डोंगरांवर न्या, ढगांवर न्या. नुसते डोंगर बघा, जणू पुढे कुणी उभेच नाही. रविवर्म्याच्या पुष्कळ चित्रांतली अशी पार्श्वभूमी त्याचा धाकटा भाऊ सी. राजा राजा वर्मा रंगवत असे. तो मुळात निसर्गचित्रकार. माणसाच्या मनात जे चालले आहे त्यात डोंगर आणि आभाळही सामील होतात, ही युरोपातल्या निसर्गचित्रांची रीत या भावांनी आपल्या पुराणांना लावली. धाकट्याचे नाव भिंतीवरच्या चित्रांखाली सहसा सापडत नाही. मला हे फार लागते.

आता आणखी जवळ सरका, कागदाजवळ. रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे चित्र दगडावर उतरवत. प्रत्येक रंगाचा दगड वेगळा, आणि जितके रंग तितक्या वेळा तोच कागद यंत्राखालून जायचा. एखादा रंग केसभर सरकला तरी आकृतीची कड दुहेरी दिसे. आभाळाची निळाई दगडावर ठिपक्याठिपक्याने उठवणाऱ्या कारागिरांची नावे आपल्यापर्यंत आली नाहीत. त्यांच्यासाठी क्षणभर स्वस्थ राहा.

शेवटी भगीरथाकडे या. नंदीला टेकलेल्या पार्वतीवरून नजर सरकली की तो दिसतो, हात जोडून उभा. सगराच्या साठ हजार मुलांची राख पाण्याची वाट बघत पडलेली. त्या पाण्यासाठी अंशुमानाने तप केले, तो गेला. दिलीपाने केले, तोही गेला. मग हा. आणि पाणी प्रत्यक्ष उतरताना चित्राचा मध्य त्याने मागितलेला नाही. त्याच्या जोडलेल्या हातांवर बराच वेळ राहा. तिथे विनंती आहे, थकवा आहे, धाकही आहे: मागितले ते खरेच येते आहे, आता ते झेलले जाईल ना? आपणही कशासाठी तरी असे वर्षानुवर्षे उभे असतो. ते काय आहे, ते मनात येऊ द्या, त्याला नाव द्यायची घाई करू नका.

इंदूरकराला हा भगीरथ परका नाही. ही गंगा वरून खाली आली. आपली नर्मदा खालून वर येते: मंडलेश्वरजवळच्या जलूदहून सुमारे सत्तर किलोमीटर, विंध्याचा घाट चढून, पंपांच्या जोरावर चारशे मीटरहून अधिक उंच. त्यासाठी १९७० साली इथले लोक रस्त्यावर उतरले आणि १९७८ मध्ये पाणी शहरात पोहोचले. त्या आठ वर्षांत मोर्च्याला गेलेले, पाइप जोडणारे, घाटात खोदकाम करणारे कितीतरी जण या चित्राच्या कडेला भगीरथाशेजारी उभे करता येतात. करून पाहा.

घरात १९७८ पूर्वीचे इंदूर पाहिलेले कुणी असेल तर त्यांना या चित्रासमोर घेऊन बसा आणि विचारा, तेव्हा घरात पाणी कोण भरायचे, कुठून आणायचे. उत्तर येईपर्यंत थांबा, मध्ये बोलू नका.