तळ्याला आटू द्यावं

परसात तळं करायचं म्हटलं की निळ्या टाइल्सचा हौद, कारंजं आणि लाल मासे डोळ्यांसमोर येतात. तळ दिसेल इतकं पाणी नितळ असलं की आपण ते स्वच्छ समजतो. पण रत्नागिरीत बेडूक, चतुर आणि पाखरांसाठी तळं राखायचं असेल, तर धडा हौदाकडून न घेता सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या, डबक्याकडून घ्यावा.

वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या इथल्या कातळावर जूनमध्ये खोलगटांत पाणी साचतं आणि उन्हाळ्यात तिथे भेगाळलेली माती उरते. ती माती निर्जीव नसते. झिंग्यांच्या कुळातल्या इवल्या जिवांची अंडी तिच्यात पुढच्या पावसाची वाट पाहत टिकून राहतात. डबकं दरवर्षी आटतं म्हणून त्यात मासे तग धरत नाहीत, आणि मासे नसतात म्हणून बेडकांची पिल्लं वाचतात. फार थोड्या जागी आढळणारा आंबोली टोड तर पहिल्या पावसात कातळावरच्या अशाच उथळ पाण्यात अंडी घालतो. पावसाच्या तात्पुरत्या पाण्यात झपाट्याने वाढणारे पँटाला जातीचे चतुर पावसाळा सरल्यावर भारतातून समुद्र ओलांडून आफ्रिकेकडे जातात. आटणारं पाणी इतकं काही घडवतं.

म्हणून परसातल्या तळ्यात मासे सोडू नयेत. डासांची भीती खरी आहे. पण मूळच्या अमेरिकेतल्या आणि १९२८ साली इटलीतून भारतात आणलेल्या गॅम्बुशियासारखे मासे डासांच्या अळ्यांबरोबर बेडकांची अंडी आणि पिल्लंही खातात. शिवाय धो धो पावसात तळं भरून वाहिलं की हे परके मासे वहाळात आणि तिथून नदीत पोचतात. चतुर आणि टाचण्यांची पिल्लं, पाणकिडे हे डासांच्या अळ्यांचे भक्षक तळ्यात आपणहून येतात. डेंग्यूचा डास मुख्यतः पिंपात, टायरात, कुंडीखालच्या ताटलीत वाढतो. ती भांडी आठवड्याला रिकामी करावीत. नव्या तळ्यात मात्र हे भक्षक स्थिरावेपर्यंत अळ्यांवर नजर ठेवावी.

निगा म्हणजे सगळं घासून काढणं नव्हे. फणस-आंब्याची पानं पाण्यात कुजली की प्राणवायू संपतो, म्हणून ती जाळीने काढावीत. खत पावसाच्या पाण्याबरोबर आत आलं की शेवाळ माजतं, म्हणून बागेतलं पाणी तळ्याकडे वळू देऊ नये. पोफळीवर कोळेरोगासाठी बोर्डो मिश्रण मारतात. त्यातल्या मोरचुदाचा तांब्याचा अंश बेडकांच्या पिल्लांना घातक असतो, म्हणून ते तळ्यात पडू देऊ नये. पाणी निर्जंतुक करायची टीसीएल पावडरही टाकू नये. एक काठ उतरता ठेवावा, नाहीतर आत पडलेली खार किंवा बेडकाचं पिल्लू बाहेर येऊ शकत नाही. गाळ मृगाआधी काढावा, पण एका वर्षी निम्माच. उरलेल्या निम्म्यात पुढच्या वर्षीचं जीवन असतं.

वैशाखात पाखरं तहानलेली असताना तळं आटू द्यायचं, हे निर्दयपणाचं वाटेल. आक्षेप योग्य आहे, पण त्याला उपाय आहे. पाखरांसाठी सावलीत उथळ परळ भरून ठेवावा आणि रोज धुवावा. तळ्याला त्याच्या क्रमाने जाऊ द्यावं. सगळ्या जिवांची सोय एकाच पाण्यात करायच्या हट्टातून बारमाही, नितळ आणि निर्जीव हौद तयार होतो.

या साऱ्याचा संबंध परसापुरता नाही. सड्यावर चिरेखाणी वाढताहेत, सुरुंग लावून कातळ फोडून हापूसच्या बागा होताहेत, भूखंड पडताहेत. पीक येत नाही म्हणून सातबाऱ्यावर पोटखराबा ठरलेल्या या जमिनीचं मोल कागदावर जवळजवळ शून्य आहे. आपलं छोटं तळं त्या सड्याची जागा घेऊ शकणार नाही. पण ज्याने आपल्या परसातली कोरडी माती फेकून न देता पावसाळ्यासाठी राखून ठेवली, तो चार महिने पाणी धरणाऱ्या कातळाला ओसाड म्हणायला धजणार नाही. ग्रामसभेत सड्याचा सौदा निघेल तेव्हा बोलायला उभा राहण्याइतकी खात्री त्याच्यापाशी असेल, आणि ती खात्री आज कोकणाला फार हवी आहे.