कुणाच्या हातचं

भाद्रपद सरत आला की तळा गावाच्या आसपास मांडवांवरच्या काकड्या जून होतात. साल पिवळट-तांबूस, आतल्या बिया टणक. कोशिंबिरीला ही काकडी चालत नाही, पण धोंडसाला हीच हवी. बिया काढून ती किसायची आणि भाजलेल्या तांदळाच्या रव्यात गूळ, ओलं खोबरं, वेलची आणि चिमूटभर मीठ घालून कालवायची. वरून पाणी घालायचं नाही. काकडीच्या अंगच्या पाण्यातच रवा फुगतो. जाड बुडाच्या पातेल्याला तूप लावायचं, तळाशी हळदीचं पान घालायचं, वर घट्ट झाकण आणि झाकणावर निखारे.

भाजण्याची ही विद्या कोकणातल्या बायकांना ओव्हन घरात येण्याच्या फार आधीपासून अवगत होती. कायस्थांचं कोलंबीचं भानोलंही असंच खाली-वर विस्तव ठेवून व्हायचं. झाकणावरचा विस्तव कमी पडला तर वरची बाजू फिकी राहते, जास्त झाला तर ती करपते आणि पोटात कच्चं राहतं. किती निखारे ठेवायचे हे झाकणावर वीतभर उंचीवर हात धरून ठरायचं. आता आमच्याकडेही ओव्हन आहे. १८० अंशांवर चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत छान धोंडस होतं आणि मला ते आवडतं. पण तळहातानं आच ओळखणाऱ्या त्या बायकांना मी मनापासून मानते. त्यांना कुणी कसलं प्रमाणपत्र दिलं नाही.

त्याच बायका दुपारची झाकपाक झाली की विणायला बसायच्या. तळगडावर ढग उतरलेले, दारात पागोळ्यांची धार, आणि ओटीवर क्रोशाची सुई चाललेली. तीन साखळ्या, एक खांब, पुन्हा साखळ्या. दमट हवेत दोरा बोटाला चिकटतो, सुईला गंज चढतो, पांढऱ्या सुताला हात पुसून पुसून शिवावं लागतं. लोकर इथल्या उकाड्यात कुणाला घालवत नाही, तरी सुया घराघरांत होत्या, कारण लेकरं मुंबई-पुण्याला जन्माला यायची. न पाहिलेल्या नातवासाठी टोपडं विणताना माझी आजी ते लहानशा नारळावर बसवून बघायची. जोडीला पायमोजे. इंदापूरच्या फाट्यावरून मुंबईची गाडी पकडणाऱ्याच्या पिशवीत ही गाठोडी ठरलेली असत. घरातली निम्मी माणसं चाकरीला बाहेरगावी असली, की मागे राहिलेल्या बाईचं प्रेम असंच मापाच्या अंदाजानं विणलं जातं. तो अंदाज फारसा चुकत नसे, याचं मला आजही नवल वाटतं.

या सगळ्यावर कुणाचं नाव मात्र नाही. म्हणून मला कुड्याची लेणी आठवतात. तळा तालुक्यातच, राजपुरीच्या खाडीकडे तोंड करून असलेली ही २६ बौद्ध लेणी. तिथल्या ब्राह्मी लेखांत राजांपेक्षा घरंच जास्त भेटतात. महाभोजांच्या पदरी लेखक असलेल्या शिवमानं एक लेणं दान दिलं, तेव्हा त्याची बायको विजया आणि मुलगे त्यात सहभागी झाले, खांब मुलींनी दिले. आणि त्या मुलींची नावं दगडात आहेत : सपा, शिवपालिता, शिवदत्ता, सुलसदत्ता. सोमदेव वैद्याच्या लेण्यातही मुलग्यांच्या बरोबरीनं इसिपालिता, पुसा, धम्मा, सपा या लेकी नोंदलेल्या आहेत. दान लहान की मोठं, हे बघितलेलं दिसत नाही. ज्यानं जे दिलं ते त्याच्या नावावर लिहिलं. अठराशे-दोन हजार वर्षांपूर्वी याच परिसरातल्या घरांना ही रीत सुचली होती आणि आपण ती सोडून दिली.

स्वयंपाकाच्या बाबतीत तरी काहीजणींनी ती पुन्हा धरली. लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणी-मित्र’ १९१० साली निघालं, कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७० साली. चुलीजवळचं ज्ञान बाईच्या नावानं कागदावर आलं, ही फार मोठी गोष्ट झाली. पण तळ्यातल्या एखाद्या घरात देव्हाऱ्यावर असलेल्या तोरणाचं काय? ते कुणी विणलं, हे एक पिढी सांगते, दुसरी अंदाज करते, तिसरी त्याची धूळ झटकते.

म्हणून यंदा गणपतीत मी काकूच्या मागे लागले. क्रोशाच्या रुमालांवर उलट बाजूला नाव घाल म्हटलं.

“घरच्या रुमालावर कशाला नाव? सगळ्यांना ठाऊक आहे की.”

“नातवंडांना नाही ठाऊक, काकू.”

तिनं पेटीतून जुनं तोरण काढलं आणि उलगडत गेली, तशा मला कधीच न सांगितलेल्या गोष्टी निघाल्या. मधली कमळं तिच्या सासूबाईंच्या जावेची. ती जाऊ लवकर गेली, काम अर्धवट राहिलं. पुढे सासूबाईंनी तोच दोरा शोधून आणला आणि कडेची जाळी पुरी केली. टाक्याची ओढ दोघींची वेगळी आहे. एकीचा हात सैल, दुसरीचा घट्ट. दाखवल्यावर मलाही ते दिसलं. इतकी वर्षं मी हे तोरण एकाच बाईचं समजत होते.

काकूनं लाल दोऱ्यानं मागच्या बाजूला आधी जावेचं नाव घातलं, मग सासूबाईंचं. स्वतःच्या रुमालांवर नाव घालायला ती अजून तयार नाही, आणि मी काही हट्ट सोडलेला नाही. धोंडसाची कृती मात्र तिच्या नावानं वहीत लिहून झाली आहे, निखाऱ्यांची आणि ओव्हनची, दोन्ही.